खांबातली माहेरवाशीण

चैत्र वद्य पंचमी, रविवार

ओसरीच्या खांबाला वळणीची दोरी बांधायला गेले तर बोट खांबात गेलं. सागवानी खांब, अन् बोट गेलं जसं भिजलेल्या भाकरीत जातं. वरून बराबर, आतून भुगा. खाली वाकून पाहिलं तर जमिनीतून मातीची बारीक नळी निघून खांबावरून थेट तुळईपर्यंत गेलेली. नखानं खरवडली. आत पांढऱ्या किड्यांची रांग, बाजाराला निघाल्यासारखी. वाळवी.

मी ओरडले. मालक गोठ्यातून आले, पाहिलं, "बघू" म्हणले अन् परत बैलाकडं गेले.

हैद्राबादेत निजामाची जुबिली झाली त्या साली हे घर उभं राह्यलं. थोरल्या जावेच्या, सोनूबाईच्या, चुलीला चूल लावून अर्धा जलम काढला. मंग मीच वाटणी मागितली, मीच मालकाच्या मागं लागले, गारा मीच तुडवला. वर माळवद हाय, हातभर मातीचं. मृगाचं पाणी मुरलं की ती माती दुप्पट जड होते. खाली खांब पोकळ असले तर माळवद खाली येतं, अन् त्याच्या खाली आम्ही. सोनूबाई वाटच बघून राह्यली. घरभरणीलाच म्हणल्ती, नवं घर दोन पावसाळे निघालं म्हणजे झालं. दोन निघाले. आता तिसरा.

म्हणून लिहायला घेतलं. मंठ्याला बापाच्या घरी पंतोजीपाशी दुसऱ्या बुकापर्यंत शिकले, जोडाक्षर चुकतं. चुकू दे. ह्या घरात सांगितलेलं कोणाच्या ध्यानात राहत न्हाई, अन् मंग म्हणतात तू असं कव्हा बोलली.

वद्य सप्तमी

रामकिसन सुतार आल्ता. वाकसानं खांब ठोकून पाहिला, कान लावला, जसा वैद नाडी बघतो. म्हणला खांब बदलावा लागेल, पण आधी वाळवी मारा, न्हाईतर नवा खांब म्हणजे तिला नवं ताट. मी म्हणले कशानं मारू? तर म्हणला ते माझं काम न्हाई.

मालकानं रॉकेल ओतलं. सगळ्या घराला वास. भाकरीला वास, दुधाला वास, शेळीनं पाणी प्यायचं सोडलं. वाळवी मात्र ओसरीतून दिसेनाशी झाली. मालक छाती काढून फिरले.

वद्य दशमी

वाळवी मेली न्हाई. मागच्या खोलीत गेली. तिथल्या खांबावर आता दोन नळ्या हायेत, अन् खांबाच्या बुडाशी जमीन फुगली.

मागच्या खोलीत आत्याबाई राहतात, माझी सासू. सासरे गेले तव्हापासून त्या बोलत न्हाईत म्हणलं तरी चालेल. इथं आमच्याकडं आल्या त्या एक गाठोडं घेऊन, अन् त्या गाठोड्यासारख्याच बसून असतात. काय पाहिजे विचारलं तर "काही न्हाई". जेवल्या का विचारलं तर "झालं". आमच्याकडं हळदीकुंकू असलं की आपणहून मागचं दार लावून घेतात. मला अशी गप माणसं झेपत न्हाईत. भांडायला तरी पाहिजे.

त्यांना म्हणले, तुमच्या उशाशी वाळवी आली अन् तुम्ही सांगितलं न्हाई? तर म्हणल्या, "आली तर आली. कोणी तरी आलं."

वद्य द्वादशी, रविवार

पिंपळगावच्या बाजारात गेल्ते. रामेश्वरशेठच्या दुकानात विचारलं. शेठजी मारवाडी, पण तीन पिढ्या इथं, त्यामुळं सल्ला आपल्यासारखाच फुकट देतात. म्हणले, "पाटलीणबाई, सोमल. चुटकीभर पाण्यात घालून ओता, खानदान खतम."

आतून चंदनबाई, शेठजीची बायको, डोकं झाकून पण आवाज न झाकता बोलल्या, की कोणाचं खानदान ते आधी विचारा. ज्या घरात ज्वारीची कणगी हाय, शेळी हाय, म्हातारी हाय, तिथं सोमलाचं विष देता? शेठजी म्हणले मंग डांबर, जालन्याला रेल्वेच्या गोदामापाशी मिळतं. चंदनबाई म्हणल्या डांबर फासून घर इंजिनासारखं दिसंल. मंग ते दोघं मारवाडीत भांडायला लागले अन् मी गूळ घेऊन निघाले.

वाटेत द्वारकाबाई भेटली, आमची शेजारीण. तिनं हिंगाचं पाणी सांगितलं. तिच्या दिरानं करंजाची पेंड सांगितली. टांगेवाल्यानं चुना सांगितला. ज्याला त्याला माहीत हाय, अन् ज्याच्या त्याच्या घरात वाळवी हाय.

चैत्र अमावास्या

मागच्या खोलीतला फुगवटा गुडघ्याएवढा झाला. वारूळच. वर दोन टोकं, मधी खळगा. मी कुदळ घेऊन गेले तर आत्याबाई आडव्या आल्या. आडव्या म्हणजे खरंच आडव्या, वारुळाला पाठ लावून बसल्या.

म्हणल्या, "हात लावू नको, गोजर. रेणुकाई हाय."

रेणुकाई वारुळात राहते हे मलाही माहीत हाय, पिंपळगावच्या देवळात तिची कहाणी लहान लेकराला पण येते. पण तिनं माझ्या घरात कामून यावं? मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणल्या, कळलं.

मंग त्यांनी द्वारकाबाईला हाक मारली. भिंतीपलीकडून, चांगली खणखणीत. स्वतः कुंकवाला हात लावत न्हाईत, म्हणून द्वारकाबाईकडून वारुळाला हळदकुंकू लावून घेतलं. द्वारकाबाईच्या पोटात एक गोष्ट दोन पावलं सुद्धा राहत न्हाई. झालं आता.

कुदळ परत ठेवली. भीती वाटली, खोटं कामून लिहू.

आखिती, वैशाख शुद्ध तृतीया

सण हाय अन् मला घरात उभं राहायला जागा न्हाई. सकाळपासून बाया. नारळ, खण, लिंबू, बांगड्या. मागच्या खोलीत दाटीवाटीनं बसल्यात, गाणी चालू. आत्याबाई मधी बसून सांगू राह्यल्या, की आधी इथं जरासा उंचवटा होता, मंग असा वर आला, मंग मी हात जोडले. दर बाईला नव्यानं सांगतात अन् दर वेळी वारूळ थोडं जास्त जल्दी वाढतं.

आत्याबाईचा आवाज एवढा मोठा हाय हे मला आज कळलं. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. मला वाटतं नारळाचा हिस्सा मिळतो म्हणून खुश हायेत.

सोनूबाई पण येऊन गेली. वारुळाला नमस्कार केला, मंग वर तुळईकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मला ते बघणं लई लागलं.

वैशाख शुद्ध षष्ठी

देवी मागच्या खोलीत असंल. ओसरीतला खांब माझा हाय. त्याच्यात वाळवी परत आली, म्हणून मी ठरवलं: बिब्बा. माझा बाप औताच्या लाकडाला बिब्ब्याचं तेल लावायचा, कधी किडा लागला न्हाई. आधीच सुचायला पाहिजे होतं. बिब्बे आणले, तेल काढलं. उद्या लावणार.

शुद्ध नवमी

लिहायला दिसत न्हाई. डोळे मिटलेत.

शुद्ध द्वादशी

आता एक डोळा उघडतो.

झालं असं. मी बिब्ब्याचं तेल तापवलं, मालकाला चिंधी दिली, म्हणले वरपर्यंत फासा. वारा होता. चिंधीतलं तेल उडालं, वाफ तोंडावर. संध्याकाळी मालकाचं तोंड भोपळ्याएवढं. मी हसले. मंग माझंच उतलं. कान, ओठ, पापण्या. मालक हसायला गेले तर त्यांना हसता येईना. दोघं ओसरीत समोरासमोर बसून हू हू करून राह्यलो, अन् एकमेकाकडं पाहिलं की परत. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एवढं कधी हसलो न्हाई.

गावात बोभाटा, देवीचा कोप झाला. बाया दारातूनच हात जोडून मागच्या खोलीत जायच्या.

आत्याबाईनी मात्र खोबरं अन् तीळ वाटून आमच्या तोंडाला थापलं. मला हळू म्हणल्या, "कोप कशाचा. बिब्बा हाय. तोंडाला फडकं बांधून, अंगाला खोबरेल लावून फासायचा असतो. वारं बघून. माझ्या बापाच्या घरी दरसाल फासायचे."

मी म्हणले, तुम्हाला बिब्बा माहीत होता तर आधी कामून बोलल्या न्हाईत?

"मला कोणी विचारलं?"

मंग मी विचारलं, कोप न्हाई हे माहीत हाय तर त्या बायांना कामून सांगत न्हाई?

त्या माझ्या कपाळाला वाटण लावत राह्यल्या. मंग म्हणल्या, "त्या येतात. बसतात."

आता हे काय उत्तर झालं? मी बिब्ब्याचं विचारलं, ह्या बायांचं सांगतात. म्हातारपण.

वैशाख पौर्णिमा

तोंड उतरलं. ओसरीचा खांब बघितला. बिब्बा लावला तिथं एकही नळी न्हाई. औषध सापडलं. म्हणजे प्रश्न सुटला पाहिजे होता, पण न्हाई. वाळवी सगळी मागं सरकली, देवीपाशी. रामकिसननं येऊन मागच्या खांबाला पटाशी टोचली, मुठीपर्यंत आत गेली. म्हणला, हा मृग काढणार न्हाई. वारूळ खणून आतली राणी काढली तरच वाळवी हटंल, न्हाईतर नुसता बिब्बा फासून ती फक्त खोली बदलंल.

वारूळ खणायचं म्हणजे आत्याबाई. अन् आता एकट्या आत्याबाई न्हाईत, अख्खं गाव. काल दोन कोसावरून एक बाई नवस बोलायला आल्ती.

मालकाला म्हणले तुम्ही सांगा तुमच्या आईला. मालक म्हणले, आई आता हसते, तिला कसं सांगू. अन् उठून गेले. ह्या माणसाला माळवदापेक्षा हसणं मोठं.

वैशाख वद्य पंचमी, मंगळवार

आज रेणुकाईला कौल लावायला पिंपळगावला गेले. तिच्याच तोंडून ऐकावं म्हणलं, खणू का नको. गुरवानं देवीच्या अंगाला दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर न्हाई. मी हात जोडून उभी. दोन्ही फुलं एकदम पडली.

गुरव म्हणला, शुक्रवारी परत या. मी म्हणले, मृग उंबऱ्याशी आला, मला शुक्रवारला वेळ न्हाई. तो वैतागला. म्हणला, "बाई, लोक देवीच्या दारी येतात, तुमच्या दारी देवी आली. माहेराला आली समजा अन् गप नशीब माना."

मी चपला घालून पायऱ्या उतरले. अर्ध्या पायऱ्यांवर थांबले.

माहेराला आली. बराबर. मंग माहेराला आलेली लेक जन्मभर राहते का? चार दिवस खाती, पिती, गाणी म्हणती, अन् मंग तिची ओटी भरून पाठवणी करतात. न केली तर लोक आईबापाला नावं ठेवतात. आमच्याकडं तर महिना होत आला.

परत वर गेले, गुरवाला पेढा दिला. त्याला कळलं न्हाई कामून.

वद्य सप्तमी

दुपारी बाया जमल्या होत्या तव्हा मी मागच्या खोलीत जाऊन उभी राह्यले अन् सांगून टाकलं. देवी माहेराला आल्ती. आता तिची पाठवणी करायची. बांधावर बाभळीचं वाळलेलं खोड हाय, ते तिचं सासर. खायला भरपूर, अन् डोक्यावर माळवद न्हाई.

द्वारकाबाई म्हणली, हे देवीला चालंल का? मी म्हणले, कोणत्या लेकीला चालत न्हाई? जाताना रडती, पण जाती.

आत्याबाईनी वारुळावर हात ठेवलेला. म्हणल्या, "पाठवली तर परत येईल का?"

"माहेरवाशीण हाय. येणार न्हाई तर जाईल कुठं? तुम्ही बांधावर जात जा तिला भेटायला. ह्या बाया पण तिकडंच येतील, माझी ओसरी तरी मोकळी राहील."

मंग विचार करून त्या हो म्हणल्या. मला वाटलं झालं. पण सोनूबाई दारात उभी होती, ती म्हणली, मंग ओटी कोण भरणार? आईनं भरायची असती. गोजर तर आई न्हाई, तिला तर देवी नकोच होती.

मी म्हणले, "आई ह्या हायेत. ह्यांना दिसली, ह्यांच्या उशाशी राह्यली. ह्या भरतील."

आत्याबाईचा हात वारुळावरून खाली आला. सोनूबाई म्हणली, "मोकळ्या कपाळानं ओटी?"

मला लई राग आला. भाकरी टाकायच्या राह्यल्या होत्या, रामकिसन उद्या येणार होता, मृग जवळ, अन् ह्या कपाळ बघत बसल्या. म्हणले, "तुमच्या आईनं भरली न्हाई का तुमची ओटी, सोनूबाई? तुमचे वडील गेल्यावर तुम्ही चार बाळंतपणं माहेरात केली, परत येताना पदर रिकामा होता का? आई ती आई. जल्दी ठरवा, माझा तवा तापलाय."

सोनूबाई बसली. मी तव्याकडं गेले. मागं कोणी तरी रडत होतं, कोण ते बघायला वेळ न्हाई.

वद्य दशमी

पाठवणी झाली. असा सण मी पाहिला न्हाई.

मालकानं अन् रामकिसननं तोंडाला फडकी बांधून, अंगाला खोबरेल चोपडून वारूळ खणलं. आत खोल्याच खोल्या, माझ्या घरापेक्षा जास्त. तळाशी राणी सापडली. बोटाएवढी, पांढरी, जाडजूड, हलता येईना. द्वारकाबाई म्हणली, हिचे दिवस भरलेत. सगळ्या हसल्या.

मातीच्या ढेकळासंगट राणीला नव्या टोपलीत ठेवलं. आत्याबाई पुढं आल्या. हातात खण, नारळ, मूठभर तांदूळ. टोपलीत तांदूळ टाकले, खण घातला, नारळ ठेवला. मंग द्वारकाबाईनं कुंकवाचा करंडा पुढं केला, सवयीनं, जसा कोणाही पुढं करतो. आत्याबाईनी बोट बुडवलं अन् ढेकळाला लावलं. काही झालं न्हाई. आभाळ पडलं न्हाई, माळवद पण पडलं न्हाई.

टोपली आत्याबाईनी स्वतः डोक्यावर घेतली. मागं बाया गात. बांधावर वाळल्या खोडाच्या बुडाशी खड्डा करून तिला ठेवलं. आत्याबाई टोपलीला म्हणल्या, नीट राह्य, भरपूर खा. मालक रडले. लेकीच्या लग्नात रडले न्हाईत, अन् वाळवीला रडले. मी विचारलं तर म्हणले बिब्ब्याची वाफ लागली. बिब्बा तर अजून लावला पण नव्हता.

घरी येऊन खड्ड्यात बिब्बा ओतला, करंजाची पेंड भरली, चुना दाबला. वाऱ्याची दिशा आत्याबाईनी बघितली. पदर उडतो त्याच्या उलट्या बाजूला उभं राहा, म्हणत सगळ्यांवर ओरडत होत्या. कोणाचंही तोंड उतलं न्हाई.

जेठ शुद्ध प्रतिपदा

दोन्ही खांब नवे. बुडाला डांबर, वर बिब्बा. रामेश्वरशेठ बघायला आले अन् म्हणले, डांबर मी सांगितलं होतं. चंदनबाई टांग्यातून म्हणल्या, सोमल पण तुम्हीच सांगितला होता.

आषाढ शुद्ध नवमी

मृग गेला, आर्द्रा चालू हाय. माळवदावर हिरवळ उगवली. तुळई वाकली न्हाई, घरात टिपूस न्हाई. सोनूबाईच्या घरात परात ठेवावी लागते. मी जाऊन पाहिली. परातीकडं बघितलं अन् मंग तिच्याकडं. मंग वाईट वाटलं, म्हणून उद्या मालकाला माती घेऊन तिच्या माळवदावर पाठवणार हाय.

मंगळवार-शुक्रवार बाया बांधावर जातात. आत्याबाई आधी जाऊन बसतात. खोड निम्मं संपलं.

श्रावण शुद्ध त्रयोदशी

भोकरदनच्या वाटेवरच्या एका गावाहून बैलांची दमणी आल्ती. त्यांच्या देवघरात वारूळ आलं. म्हणले, पाठवणीवाल्या आजी पाहिजेत. मला वाटलं दुसरं कोणतं घर शोधून राह्यले. आत्याबाई आतून आल्या ते लुगडं बदलूनच. हातात बिब्ब्याच्या तेलाची बाटली, फडक्यात गुंडाळलेली. गाडीवाल्याला म्हणल्या, आधी पाठवणी, मंग औषध, अन् तोंड बांधून. न ऐकणार असाल तर येत न्हाई.

मी म्हणले, शेळीला पाला कोण घालणार? म्हणल्या तूच घाल.

श्रावण वद्य पंचमी

ही तिसरी वेळ. आज जाफराबादेच्या अलीकडं कुठं तरी गेल्यात. दिवस मावळला. पिठलं दोनदा तापवलं. मालक जेवून झोपाळ्यावर बसले, मला म्हणले तू पण जेव. मी जेवले न्हाई. भूक लई लागली, पण त्या आल्या की ताटावर बसून कोणाच्या घरात काय दिसलं, कोणाची सून कशी, कोण कशाला रडलं, सगळं सांगतात, अन् समोर कोणी जेवत नसलं की त्यांचं सांगणं रंगत न्हाई.

दमणी वाजली. उतरायच्या आधीच बोलणं सुरू झालं. म्हणले आधी पाय धुवा. पाय धुताना पण बोलून राह्यल्या.

आता ताटावर बसल्यात. मी अजून लिहितेच हाय म्हणून ओरडतात, "गोजर, ठेव ती वही, मी काय भिंतीला सांगू का?"